लॅमिंग्टन रोड : गरम डोक्यांचा दवाखाना

गेम सुरू केला की पीसी तापतो, पंखा किंचाळतो आणि ऐन मोक्याच्या क्षणी स्क्रीन थिजतो? नवं ग्राफिक्स कार्ड बुक करण्याआधी ग्रँट रोडचं तिकीट काढा. मुंबईतल्या सगळ्यात 'टेक्निकल' रस्त्यावरचा हा फेरफटका कदाचित तुमचे तीस-चाळीस हजार वाचवेल!

ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला बाहेर पडलात की पहिल्या पाच मिनिटांत एक दृश्य हमखास दिसतं. कुणीतरी कॉम्प्युटरचं कॅबिनेट तान्ह्या बाळासारखं छातीशी धरून चाललेलं असतं. मागून येणारा मित्र वायरींचा गुंता सांभाळत असतो. दोघांच्याही चेहऱ्यावर हॉस्पिटलच्या ओपीडीत दिसतं तसं टेन्शन. त्यांना रस्ता विचारायची गरज नाही. सरळ त्यांच्या मागे चालायला लागा. ते लॅमिंग्टन रोडलाच निघालेत.

मे महिन्यात ही वर्दळ जरा जास्तच असते. कारण साधं आहे. परीक्षा संपलेल्या, सुट्टी लागलेली, दिवसभर गेमिंग चालू आणि बाहेर चौतीस डिग्री. बिचारा पीसी किती सहन करणार? जानेवारीत गुण्यागोविंदाने 'जीटीए फाइव्ह' चालवणारं मशीन मेमध्ये वीस मिनिटांत गळपटतं. मग पेशंटला उचलून इथे आणलं जातं.

बाकीची मुंबई फिरायला कुलाबा कॉजवेला जाते, वांद्र्याला जाते. पण या शहराचा मेंदू कसा चालतो हे बघायचं असेल तर एक शनिवार इथे काढायलाच हवा.

लॉर्डसाहेब गेले, नाव राहिलं

पाटीवर नाव आहे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. टॅक्सीवाल्याला मात्र 'लॅमिंग्टन रोड'च सांगावं लागतं. लॉर्ड लॅमिंग्टन हे १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. शेजारचा ग्रँट रोडही गव्हर्नरच्याच नावाचा, सर रॉबर्ट ग्रँट यांच्या. एका गव्हर्नरच्या नावाच्या स्टेशनवर उतरायचं आणि दुसऱ्याच्या नावाच्या रस्त्यावर मदरबोर्ड घ्यायचा, असा हा सगळा ऐतिहासिक मामला!

एकेकाळी हा भाग म्हणजे थिएटरांचा बालेकिल्ला. याच पट्ट्यातल्या मिनर्व्हामध्ये १९७५ साली लागलेला 'शोले' पाच वर्षं उतरला नाही. नाझच्या इमारतीत सिनेमा वितरकांची ऑफिसं होती, पिक्चर हिट की फ्लॉप याची बातमी आधी तिथे फुटायची. रस्त्याच्या दक्षिण टोकाला रॉयल ऑपेरा हाऊस. अनेक वर्षं बंद राहून २०१६ मध्ये ते पुन्हा उघडलं.

सिनेमाच्या शेजारीच रेडिओचे आणि साउंडचे पार्ट वाढले. व्हॉल्व्ह गेले, ट्रान्झिस्टर आले. मग आयसी, टीव्हीचे पार्ट, व्हिडिओ आणि शेवटी कॉम्प्युटर. आजही इथे एका दुकानात सुटे रेझिस्टर मिळतात आणि शेजारच्या दुकानात काचेचं कॅबिनेट रंगीबेरंगी दिव्यांनी झगमगत असतं. इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाचं प्रोजेक्ट करायला मुंबई-ठाण्यातल्या मुलांच्या कित्येक बॅचेस इथे खेपा घालून गेल्या. त्यातलेच काही आता चांगल्या पॅकेजवर आहेत आणि मुलांच्या पीसीसाठी पुन्हा इथेच येतात.

इथली भाषा हा एक वेगळाच फंडा आहे. मालक कच्छी किंवा गुजरातीत फोनवर, गिऱ्हाईकाशी मुंबईया हिंदीत आणि मागे बेंचवर बसलेला मेकॅनिक थेट मराठीत. अख्ख्या कॅबिनेटला इथे 'सीपीयू'च म्हणतात. तुम्ही 'सीपीयू म्हणजे खरं तर फक्त प्रोसेसर' असं सांगायला गेलात तर समोरचा नम्रपणे हो म्हणेल आणि पोऱ्याला ओरडून सांगेल, "साहेबांचा सीपीयू वर घे रे!"

आधी नाडी, मग औषध

दुकानांच्या दर्शनी भागात विक्री चालते. खरी मजा पोटमाळ्यावर किंवा मागच्या गाळ्यात. एक लांब टेबल, वर एक ट्यूबलाइट, एक जुनाट मॉनिटर, मॅग्नेटिक टोकाचे स्क्रू-ड्रायव्हर, रंगकामाचा ब्रश आणि हेअर-ड्रायरचा थोरला भाऊ शोभेल असा ब्लोअर. एवढ्या सामग्रीवर इथे निदान होतं.

चांगला मेकॅनिक कॅबिनेटला हात लावायच्या आधी प्रश्न विचारतो. "सुरू केल्या केल्या अडकतो, की थोड्या वेळाने?" "हळू होतो, की फटकन बंद पडतो?" हे ऐकायला साधं वाटतं, पण अर्धं निदान इथेच होतं. त्याचं गणित साधारण असं.

पहिली दहा-पंधरा मिनिटं गेम मस्त चालतो आणि मग फ्रेम पडायला लागतात, तर संशय उष्णतेवर. वीज गेल्यासारखं मशीन फटकन बंद होतं, तर एसएमपीएस, म्हणजे आतला वीज पुरवणारा डबा, किंवा पराकोटीचं तापमान. पहिल्या सेकंदापासूनच गेम रखडतो, तर उष्णतेचा फारसा दोष नाही. कुठलं तरी सेटिंग, केबल किंवा रॅम बघायची. आणि एरवी ठीक, पण नव्या लेव्हलला किंवा नव्या भागात शिरताना झटके बसत असतील, तर रॅम अपुरी आहे किंवा गेम अजून जुन्या हार्ड डिस्कवर पडलाय.

तापलेला पीसी हळू का होतो? तर स्वतःला वाचवण्यासाठी. प्रोसेसरच्या आत तापमान मोजणारे सेन्सर असतात. मर्यादा गाठली की तो आपला वेग स्वतःच कमी करतो, वीज कमी घेतो आणि जीव वाचवतो. याला थ्रॉटलिंग म्हणतात. इंटेलच्या बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरची ही मर्यादा १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. भर उन्हात गिरगाव चौपाटीवर धावणारा माणूस दम लागला की चालायला लागतो ना, तसंच! तरीही भागलं नाही, तर मशीन स्वतःला बंद करून टाकतं.

म्हणून बेंचवरची पहिली गोष्ट म्हणजे आकडा बघणं. एचडब्ल्यूइन्फो किंवा एमएसआय आफ्टरबर्नर ही फुकटात मिळणारी सॉफ्टवेअर्स प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डाचं तापमान, वेग आणि त्यांच्यावरचा भार दाखवतात. घरी गेम खेळतानाच अर्धा तास हे आकडे नोंदवून घ्या. तापमान ९८-९९ ला टेकलं आणि त्याच क्षणी प्रोसेसरचा वेग खाली आला, तर रोग सापडला. आकडा ७५ वर आरामात बसलाय आणि गेम तरीही अडकतोय, तर पंखे बदलून काहीही होणार नाही.

इथे एक गंमतही लक्षात ठेवा. गरम म्हणजे आजारीच, असं नाही. एएमडीचे २०२२ मध्ये आलेले रायझन ७००० मालिकेतले 'एक्स'वाले प्रोसेसर पूर्ण ताकदीने काम करताना ९५ अंशांपर्यंत जाण्यासाठीच घडवलेत. तो आकडा बघून घाबरणाऱ्यांना महागडा कूलर विकणं हा काही लोकांचा आवडता धंदा आहे. तापमान किती, यापेक्षा वेग पडतोय का, हा प्रश्न जास्त महत्त्वाचा.

डबा उघडला की संसार दिसतो

कॅबिनेटची बाजूची पट्टी निघाली की मालकाचं घर कसं आहे ते कळतं. आत धुळीची गोधडी असते. त्यात मांजराचे केस, अगरबत्तीची राख आणि किचनला लागून टेबल असेल तर फोडणीचा चिकट थर. ही चिकट धूळ सगळ्यात वाईट, ब्लोअरच्या फुंकरीने ती उडत नाही. ब्रशने खरवडावी लागते. धूळ कूलरच्या पात्यांमध्ये बसली की पंखा कितीही जोरात फिरो, हवा धातूपर्यंत पोचतच नाही. पंखा म्हणून तर किंचाळतो!

दुसरा आरोपी आपलं लाडकं कॉम्प्युटर टेबल. खालच्या बाजूला सीपीयूसाठी म्हणून जो बंदिस्त कप्पा असतो, तो म्हणजे भट्टीच. मशीन गरम हवा मागून बाहेर टाकतं, ती कप्प्याच्या पाठीला आपटून फिरते आणि पुढून पुन्हा आत येते. पंख्यावर चालणारा कुठलाही कूलर प्रोसेसरला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. खोली दहा अंशांनी गरम झाली, तर आतला आकडाही साधारण दहाने चढतो. आणि कप्प्यातली 'खोली' तुमच्या हॉलपेक्षा कितीतरी गरम असते. उपाय? मशीन कप्प्यातून बाहेर काढा. खर्च शून्य रुपये.

याची परीक्षा घरबसल्या होते. कॅबिनेटची बाजू उघडी ठेवून तोच गेम तेवढाच वेळ खेळा. तापमान धाडकन उतरलं, तर आत-बाहेर हवा खेळत नाहीये. पंखे वाढवा किंवा त्यांच्या दिशा तपासा. पुढून हवा आत, मागून आणि वरून बाहेर, हा साधा नियम. कितीतरी मशीनमध्ये पुढचा पंखाही बाहेरच हवा फेकत असतो, कारण बसवताना कुणी बघितलंच नाही. बाजू उघडूनही आकडा तसाच राहिला, तर गडबड कूलर आणि प्रोसेसर यांच्या मध्ये आहे.

त्या मध्ये काय असतं, तर पेस्ट. करड्या रंगाची, टूथपेस्टसारखी. प्रोसेसरचा माथा आणि कूलरचा तळ डोळ्यांना गुळगुळीत दिसले तरी दोन्हींवर सूक्ष्म खाचा असतात. त्यात हवा अडकते आणि हवा ही उष्णता वाहून नेण्यात महाआळशी. पेस्ट त्या खाचा भरून काढते. काही वर्षांनी ती सुकते, भेगाळते आणि उष्णता जागच्या जागी कोंडते. नवी पेस्ट काही शे रुपयांत येते. वाटाण्याएवढा थेंब पुरतो. पोळीला तूप लावल्यासारखं थापायची गरज नाही.

बेंचवरचे लोक कूलर कसा काढतात, ते नीट बघण्यासारखं आहे. एएमडीच्या जुन्या, एएमफोर सॉकेटच्या प्रोसेसरला खालून पिना असतात. सुकलेली पेस्ट डिंकासारखी धरून ठेवते आणि कूलर सरळ वर ओढला तर प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून येतो. एखादी पिन वाकली की खेळ खल्लास. म्हणून आधी मशीन थोडं चालवून गरम करायचं, मग कूलर हलकेच डावी-उजवीकडे फिरवायचा, मग उचलायचा. ब्लोअर मारतानाही पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवतात. मोकाट फिरू दिलं तर पंखा वाजवीपेक्षा जोरात फिरतो आणि बेअरिंग खराब होतं. घरचा व्हॅक्युम क्लीनर मात्र आत घालायचा नाही. स्थिर विजेचा एक झटका पार्ट मारायला पुरेसा होतो.

चारातली एक पिन

एका गाळ्यावर डोंबिवलीहून आलेली बाप-लेकाची जोडी उभी होती. कॅबिनेट चादरीत बांधून, लोकलच्या लगेज डब्यातून आणलेलं. मुलगा एकोणीस-वीसचा. रात्री गेम खेळतो हे खरं, पण त्याच मशीनवर लग्नाचे व्हिडिओ एडिट करून कॉलेजची फीही काढतो. दोन ऑर्डर अडकल्या होत्या. एक्स्पोर्टला लावलं की मशीन अर्ध्यात बंद.

"नवं कार्ड केवढ्यापर्यंत येईल?" वडिलांनी आल्या आल्या विचारलं. खिशात हात घातलेलाच होता. स्टेशनजवळच्या कुणीतरी त्यांना आधीच सांगितलं होतं की कार्ड गेलंय.

"काका, कार्ड आहे ना आत? मग आधी त्याला काय झालंय ते तर बघू," मेकॅनिक म्हणाला.

मशीन लावलं. गेम नाही, काही नाही, नुसतं विंडोज सुरू झालं आणि प्रोसेसर ८५ वर. मेकॅनिकने आत टॉर्च मारला आणि हसला. इंटेलच्या प्रोसेसरसोबत येणारा कूलर मदरबोर्डला चार प्लॅस्टिकच्या पिनांनी बसतो. २००४ पासून कंपनीची हीच पद्धत चालत आलीय. त्या चारातली एक पिन वर आली होती. कूलर एका कोपऱ्यातून उचललेला, प्रोसेसरला नीट टेकलेलाच नाही.

"घर बदललं का मध्ये?"

बदललं होतं. फेब्रुवारीत. टेम्पोत कॅबिनेट आडवं टाकलेलं.

पुढचं काम वीस मिनिटांचं. कूलर काढला, सुकी पेस्ट पुसली, नवी लावली, चारही पिना समोरासमोरच्या जोडीने दाबल्या, प्रत्येकीचा 'टक' आवाज ऐकला. धूळ उडवली. पंधरा मिनिटं पूर्ण भार देऊन बसले. आकडा ७४ वर थांबला तो थांबलाच. मुलाने न राहवून तिथेच त्याची अडकलेली फाइल पेन ड्राइव्हवरून एक्स्पोर्टला लावली. शेवटपर्यंत गेली!

बिल झालं पाचशेच्या आत. वडिलांनी दोनदा विचारलं, "म्हणजे कार्ड नको?" नको. त्यांनी खिशातलं पाकीट पुन्हा आत ठेवलं आणि सगळ्यांना कटिंग मागवला.

अशा पेशंटवर दुकानाची कमाई फारशी नाही. पण हा मुलगा दोन वर्षांनी खरोखर कार्ड घ्यायला येईल, तेव्हा तो दुसरीकडे जाणार नाही. लॅमिंग्टन रोडचा जुना धंदा याच हिशेबावर उभा आहे.

थंड आहे, तरी स्लो?

तापमान नॉर्मल, तरी गेम रखडतोय, असेही पेशंट भरपूर. त्यांच्यासाठी बेंचवर पाठ असलेली यादी आहे. ऐकून हसू येईल, पण आज घरी जाऊन तपासाच.

एक, मॉनिटरची केबल. ग्राफिक्स कार्ड तीस हजारांचं आणि केबल लावलीय मदरबोर्डच्या पोर्टला! म्हणजे गेम चालतो प्रोसेसरमधल्या छोट्या ग्राफिक्सवर आणि कार्ड आपलं आत झोपलेलं. केबल खालच्या, कार्डाच्या पोर्टला लावा.

दोन, रॅम. आठ जीबीच्या एका पट्टीऐवजी दोन पट्ट्या योग्य खाचेत लावल्या की दोन रस्त्यांनी वाहतूक सुरू होते. चार खाचा असतील तर प्रोसेसरपासून मोजून बहुतेक बोर्डांवर दुसरी आणि चौथी. शेजारी-शेजारी लावल्या तर फायदा हुकतो. शिवाय जास्त वेगाची रॅम घेऊनही बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो सुरू केलं नाही, तर ती कमी वेगानेच चालते. पैसे दिलेत तर वेग वसूल करा की!

तीन, मॉनिटर. १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेतला आणि विंडोजमध्ये सेटिंग ६० वरच राहिलं. गेम जोरात पळतोय, डोळ्यांना दिसत नाही, एवढंच.

चार, एसएमपीएस. स्वस्त कॅबिनेटबरोबर 'फुकट' आलेला डबा. स्टिकरवर वॉट मोठे, आत वजन काही नाही. कार्डाने जोर लावला की हा मान टाकतो. इथले जुने लोक एसएमपीएस हातात घेऊन तोलतात, भाजीवाल्याकडचा नारळ बघावा तसा. तुम्ही निदान ८० प्लसची खूण आणि कंपनीची वॉरंटी बघा. सगळ्या बिल्डमध्ये पैसे वाचवायची जागा ही नाही.

आणि पाच, एक फुकटचा उपाय. तुमचा मॉनिटर ६० हर्ट्झचा असेल आणि गेम १८० फ्रेम काढत असेल, तर वरच्या १२० फ्रेम फक्त उष्णता तयार करतायत. गेमच्या सेटिंगमध्ये फ्रेमला मर्यादा घाला. कार्ड थंड, पंखा शांत, वीजही कमी. मे महिन्यात तर हे कराच.

कार्ड घ्यायचंच असेल तर

कधी कधी निदान 'कार्डच कमी पडतंय' असं येतं. पण त्याआधी एक प्रश्न विचारा, गेम कुठला? 'व्हॅलोरंट'सारखा गेम बऱ्याचदा प्रोसेसरवर अडतो, तिथे महागडं कार्ड लावून फारसा फरक पडत नाही. 'सायबरपंक २०७७'सारखा गेम कार्डाचा घाम काढतो. खेळताना कार्डावरचा भार ९५ टक्क्यांच्या वर असेल तर कार्ड जोरात राबतंय. तो ५०-६० वरच रेंगाळत असेल आणि फ्रेमला मर्यादा घातलेली नसेल, तर अडचण दुसरीकडेच आहे.

सेकंडहँड कार्डांचा बाजारही इथे जोरात असतो. २०२०-२१ मध्ये कार्डांचा दुष्काळ पडला होता, छापील किमतीला कुणी विचारत नव्हतं. मग १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने आपली पद्धत बदलली, कार्डांवर चालणारं त्याचं मायनिंग एका दिवसात बंद झालं आणि वापरलेल्या कार्डांचा पूर आला. मायनिंगमध्ये राबलेलं कार्ड वाईटच, असं नाही. पण पंख्याचं बेअरिंग, सुकलेली पेस्ट आणि मेमरीवरचे थर्मल पॅड तपासून घ्या. काउंटरवरच अर्धा तास चालवून दाखवायला सांगा. समोरचा 'टाइम नही है' म्हणाला, तर तुम्हीही तेच म्हणा आणि पुढच्या दुकानात जा.

रस्ता बदलतोय

सगळं गुलाबी नाही, हेही सांगायला हवं. पायरेटेड सॉफ्टवेअरमुळे २००९ साली अमेरिकेच्या व्यापार प्रतिनिधी कार्यालयाने जगभरातल्या बदनाम बाजारांची यादी काढली, त्यात लॅमिंग्टन रोड होता. बिलाशिवाय माल, उघडलेल्या खोक्याला पुन्हा सील, एका दुकानात एक भाव आणि चार पावलांवर दुसरा, हे किस्से प्रत्येक मुंबईकराकडे आहेत. २०१७ मध्ये जीएसटी आला, ऑनलाइन खरेदी वाढली आणि भाव आता प्रत्येकाच्या मोबाइलवर दिसतो. नुसता डबा विकणाऱ्याला दिवस कठीण आहेत. मेट्रोच्या कामासाठी हा परिसर काही वर्षं खोदलेलाही होता. ऑक्टोबर २०२५ मध्ये मेट्रो ३ चं ग्रँट रोड स्टेशन सुरू झालं आणि बीकेसी किंवा अंधेरीहून येणाऱ्यांची सोय झाली.

पण ऑनलाइन खरेदीत एक गोष्ट खोक्यातून येत नाही. 'हे घेऊ नका, तुम्हाला गरज नाही' असं सांगणारा माणूस. २०२५ च्या अखेरीला रॅमचे भाव भडकले, तेव्हा आहे त्याच मशीनमधून जास्तीत जास्त काढून देणाऱ्या या बेंचवाल्यांची किंमत अनेकांना नव्याने कळली. एखादी पिन दाबायला किती पैसे घ्यायचे, हा हिशेब कुठल्याच वेबसाइटवर नसतो. कुठली पिन दाबायची, याचे खरे पैसे आहेत.

तेव्हा या शनिवारी मॉलमधला एसी सोडा. कॅबिनेट चादरीत बांधा. रोगी तुमचा, डॉक्टर त्यांचे आणि चहा ज्याचं निदान चुकलं त्याच्याकडून!

जाताय? मग एवढं करा

कसं जाल : पश्चिम रेल्वेने ग्रँट रोड, पूर्वेकडून बाहेर. किंवा मेट्रो ३ चं ग्रँट रोड स्टेशन. कॅबिनेट सोबत असेल तर लोकलचा गर्दीचा वेळ टाळा. गाडी नेऊच नका, पार्किंग मिळणं म्हणजे लॉटरी.

कधी जाल : सकाळी अकराच्या आधी फारसं काही उघडत नाही. रविवारी बहुतेक दुकानं बंद. निवांत निदान हवं असेल तर मधल्या वारी, दुपारी.

काय न्याल : गेम खेळताना घेतलेले तापमानाचे फोटो, पार्टांची बिलं, स्वतःची पॉवर केबल. मशीनमधला महत्त्वाचा डेटा आधी कॉपी करून ठेवा. नेताना ग्राफिक्स कार्ड काढून वेगळं न्या, नाहीतर धक्क्याने त्याचा स्लॉट जातो.

काय विचाराल : "आधीचा आकडा किती, नंतरचा किती?" काम झाल्यावर दोन्ही आकडे डोळ्यांनी बघा. पक्कं बिल घ्या, त्यावर सिरियल नंबर लिहून घ्या. वॉरंटीतला पार्ट असेल तर खोलण्याआधी वॉरंटी जाणार का, ते विचारा.

काय टाळाल : रस्त्यातच हाताला धरून 'क्या चाहिए बॉस' म्हणत पोटमाळ्यावर नेणारे. डबा न उघडताच 'कार्ड गया' म्हणणारे तर नक्कीच!